मुखरूनं उपटलेलं गवत

मुखरू ढिवराला कोणी 'कसं काय, भाऊ?' म्हटलं, तर तो आधी तळ्याकडे बघतो आणि मग उत्तर देतो. सिंदेवाहीपासून दोन कोसांवरचं ते तळं. गावच्या ढिवरांच्या पिढ्या त्याच्या मासोळीवर जगल्या. मुखरूच्या हातून जन्मात एकच मोठी चूक झाली, आणि ती झाली तेव्हा त्याच्या गळ्यात हार होता. माणसाची मती फिरते ती बहुतेक हार पडल्यावरच, दुसरं काय!

सत्त्याण्णव साल. मुखरू नुकताच मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष झाला होता. सोसायटी दर पावसाळ्यात तळ्यात मासोळीचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं सोडायची, आणि त्यातलं अर्धंअधिक कुठं गडप व्हायचं ते कोणालाच उमगत नव्हतं. माघात सिंदेवाहीला मासेमारांचं शिबिर भरलं. तिथं दामिनी मॅडम नावाच्या, झाडाझुडपांचं शास्त्र शिकवणाऱ्या बाई आल्या होत्या. त्यांनी बशीत एक पाणगवत ठेवलं. पिवळ्या फुलांचं, बिनमुळाचं. हे तर मुखरूच्या जाळ्यात रोजच गुंतायचं!

"याच्या बारीक थैल्या बघा," बाई म्हणाल्या. "दाराशी किडा आला की दार आत उघडतं आणि किडा आत ओढला जातो. हे गवत मांस खातं."

"घ्या! गवतालेबी मटन लागते!" मागून कोणीतरी ओरडलं. बाईही हसल्या. मातीतली एक बुरशी तर फासे टाकून बारीक जंत धरते, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा "म्हंजे तेबी ढिवरच!" म्हणून सगळे खिदळले.

मुखरूनं बाईंच्या सूक्ष्मदर्शक यंत्राला डोळा लावला आणि त्याचं हसू मावळलं. एका थैलीत डासाची अळी होती. शेजारच्या थैलीत नुकत्या जन्मलेल्या मासोळीची शेपटी अडकली होती, डोकं बाहेर. बाई पुढंही बोलल्या, की असं पिल्लू कधीमधीच सापडतं, एरवी हे अळ्या न् पाणकिड्यांवरच भागवतं. पण मुखरूचे कान त्या शेपटीपाशीच थांबले होते.

घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, "मैना, चोर सापडला वो! आपलं बीज गवत खाऊन राह्यलं."

मैना रोज काठाच्या त्याच गवतात हातजाळी घेऊन उतरायची. दाडक न् काय मिळेल ती बारकी मासोळी टोपलीत घालून सिंदेवाहीच्या बाजारात बसायची. ती तिची स्वतःची कमाई. बाजारात तिला चार बायका नावानं ओळखायच्या.

"खाते तं खाऊ द्या, अजी," ती म्हणाली. "आजवर त्यानंबी खाल्लं, आपुनबी खाल्लं. तळं सरलं का? मासोळी लेकरं तिथीच लपवते. त्याले हात नोका लावू."

"तुले काय समजते! म्या डोळ्यानं पाह्यलं."

डोळ्यानं पाहिलेलं खरंच असतं. पण तेवढंच खरं, असं थोडंच असतं!

चैत्रात पाणी उतरलं तशी सोसायटीची दहा माणसं तळ्यात घुसली. आठ दिवस उपटत होती. पिवळ्या फुलांचं काय न् दुसरं काय, पाण्याखालचं एकूण एक गवत पाळीवर, तळ्याच्या बांधावर, येऊन पडलं आणि वाळून गेलं. मैना काठावर उभी राहून बघत होती.

पहिल्या वर्षी जाळं सरसर फिरलं. मोठी मासोळी मिळाली. मुखरूला पुन्हा हार पडला.

दुसऱ्या वर्षापासून चित्र पालटलं. आडोसाच नाही म्हटल्यावर मरळीसारख्या शिकारी मासोळीनं बीज भरदिवसा टिपून खाल्लं. दाडक आधी कमी झाली, मग दिसेनाशी झाली. मग खायलाच काही नाही म्हणून मरळही गेली. डास तेवढे मातले. मैनाची हातजाळी चार-चार तास ओढून रिकामी यायची. एक दिवस तिनं ती आढ्याला टांगली आणि दुसऱ्यांच्या धानाच्या बांधीत रोवण्याला, म्हणजे भात लावायला, जायला लागली. त्या चिखलात वाकून वाकून तिचे गुडघे गेले.

'म्या सांगतलं होतं ना' एवढं एक वाक्य ती बोलली असती, तर मुखरूचा जीव हलका झाला असता. भांडली असती, भांडी आपटली असती, तरी चाललं असतं. ती भाकर वाढायची, पाणी द्यायची.

शेवटी त्यानं अध्यक्षपद सोडलं. परगावच्या तळ्यातून सायकलला टोपल्या बांधून तो गवत आणायला लागला. उपटताना दहा जण होते, लावताना तो एकटाच होता. "मुखरूभाऊ, गवताचा रोवणा करून राह्यले का?" लोक काठावरून विचारायचे. तो मान खाली घालून मुळांचं गवत चिखलात दाबायचा, बिनमुळाचं तसंच पाण्यात सोडायचा.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर पाण्यावर पिवळी फुलं दिसली. मुखरूनं आढ्याची हातजाळी काढली. ती बायकांची जाळी. पुरुष हातात घेत नाहीत. लोक हसले. हसू दे! ओंजळभर दाडक मिळाली. गंजात, म्हणजे पातेल्यात, पाणी घेऊन, ती जिवंत ठेवून, त्यानं मैनापुढे आणून ठेवली.

मैनानं पाण्यात बोट घातलं. मासोळ्या बोटाभोवती फिरल्या.

"मैना, शिवी तं दे एखादी," मुखरू म्हणाला. "आठ वर्षं झाली. काऊन काही म्हणत नाई?"

"शिवी देऊन गवत उगवते का जी?" ती म्हणाली. मग गंज त्याच्याकडे सरकवला. "लेकरं हायेत हे अजून. सोडून या. माह्यानं आता पाण्यात उतरनं होत नाई."

मुखरू तसाच परत गेला. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून त्यानं गंज वाकडा केला. दाडक गवतात शिरली. त्यातल्या एखाद्या पिल्लाला हे गवत खाणार, हे त्याला ठाऊक होतं.

"खा बाबा," तो गवताला म्हणाला. "तू पोटापुरतंच खाते. म्या तं तिचं तळंच खाल्लं."