पांडुमामाचा बेहडाटोला

पाडव्याच्या सकाळी कुडव्याच्या आमच्या घरी आई भाऊबीजेला निघायची पिशवी भरत होती. तळाशी अनारशांचा डबा, वर पांडुमामासाठी घेतलेला नवा शर्ट. तेवढ्यात माझा फोन वाजला. मामेभाऊ होता. ‘‘ताई, बाबा गेले… चहा पिऊन ओसरीत बसले होते…’’ आईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीतून शर्ट बाहेर काढला. त्याला महिना उलटून गेला, पण आईच्या भावाशिवाय दिवाळी ही गोष्ट मला अजून पटलेली नाही.

मामाचं गाव बेहडाटोला. नवेगाव बांधाच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडला की धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, मुरमाची वाट लागते. ती जिथे दमते तिथे हे गाव. लहानपणी आम्ही मामाला चिडवायचो, ‘तुमच्या गावात बैलगाडी शिरली की चाकं गावात अन् बैल गावाबाहेर.’ मामा चिडायचा नाही. आम्हाला तलावाच्या मातीच्या पाळीवर उभं करून हात लांब करायचा. ‘‘हे पाहा, उगवतीले तलाव, मावळतीले बांध्या, उत्तरेले जंगल.’’

‘‘अन् दक्षिणेले काय हाये, मामा?’’

‘‘दक्षिणेकून तुमच्यासारखे फुकटे पावने येतेत!’’

पाहुणा कोणीही असो, चहाच्या आधी पाळीवरची ही फेरी ठरलेली. लग्नानंतर आमचे हे पहिल्यांदा आले, तेव्हा मामानं त्यांना नव्या बुटांसकट चिखलातून फिरवून आणलं. ‘‘त्यायले पानी त पिऊ द्या,’’ मामी ओरडत राहिली. पण तलाव कोणी बांधला, पाणी कोणत्या बांधीला आधी जातं, वाघ कुठवर आला होता, हे सगळं ऐकल्याशिवाय मामाच्या घरात पाण्याचा पेलासुद्धा मिळायचा नाही.

मामाला खरं दुःख एकच होतं. नावात ‘टोला’, म्हणजे वाडी, असल्यामुळे लोकांना हे गाव शेजारच्या मोठ्या गावाचा तुकडा वाटायचं. ‘‘आमचा तलाव आधी, त्यायचं गाव मंग,’’ तो तावातावानं सांगायचा. आणि पुरावा काय, तर मंडई. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. मिठाईची दुकानं लागतात, पाळणे येतात, दिवसा दंडार हा नाचगाण्याचा खेळ होतो, लेकीबाळी माहेरी येतात. प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. एखाद्या वर्षी तो चुकला, की दंडारवाले आणि दुकानदार दुसऱ्या गावाला शब्द देऊन मोकळे होतात आणि दिवस कायमचा जातो. मोठ्या गावाचा आमच्या दिवसावर कधीपासूनचा डोळा होता. ‘‘ज्या गावाले मंडई नाही थे गाव नाही, नुसती घरं हायेत,’’ असं मामा म्हणायचा.

दंडार सुरू होण्याआधी तो माईक हातात घेऊन गावाचा भूगोल-इतिहास सांगायचा. पोरं कंटाळून पाळण्याकडे पळायची, मामी नाक मुरडायची. आणि ‘हा तलाव आमच्या आज्यायनं बांधला’ या वाक्याला पुढच्या रांगेतून सुखदेवमामा हमखास उठायचे. सुखदेवमामा म्हणजे तलावाच्या कडेला राहणाऱ्या बौद्ध घरांतले, पांडुमामाचे जन्माचे दोस्त. ‘‘काऊन खोटा बोलून राहिला, पांडू? माती आमच्या आज्यायनं वाह्यली. अन् मंडई मात्र त्यायले दुरून पाहा लागे, थे काऊन नाही सांगत?’’ यावर मामा दरवर्षी काहीतरी नवं उत्तर काढायचा. दुसऱ्या प्रश्नाला मात्र मान खाली घालून ‘थे खरं हाये’ म्हणायचा. मग दोघं एका पुड्यातला चिवडा खात दंडार बघायचे.

यंदा मंडई चार दिवसांवर असताना मामा गेला. बेहडाटोल्यातली बहुतेक घरं एकाच भाऊबंदकीतली, त्यामुळे सुतक पडलं ते अख्ख्या गावावर. ओसरीत सगळे माना घालून बसले होते. दंडारवाल्यांना नकार कळवायचा, एवढंच उरलं होतं. मंडईचा दिवस गेला हे प्रत्येकाला कळत होतं… आणि मामा गेल्यावर चारच दिवसांत त्याचं गावही जाणार, या विचारानं मला रडू आवरेना.

तेव्हा सुखदेवमामा अंगणातून म्हणाले, ‘‘सुतक तुमाले हाये. आमाले कोठी हाये? आम्ही भरवतो मंडई.’’

‘‘घरात मयत अन् दारात दंडार? लोक काय म्हनतीन?’’ कोणीतरी पुटपुटलं.

‘‘लोक म्हनतीन, गाव हाये.’’

कोणी हो म्हटलं नाही. नाही म्हणायचीही कोणाची छाती झाली नाही.

मी भाची. माझं सुतक तिसऱ्या दिवशीच फिटलं होतं, म्हणून मी मंडईत गेले. बौद्ध घरांतल्या पोरांनी चौकात मांडव घातला होता. दुकानं नेहमीपेक्षा कमी, पण आली होती. भाऊबंदकीतले सगळे आपापल्या ओसरीतून बघत होते. मामीही चौकातल्या घराच्या दारात, खांबाला टेकून.

सुखदेवमामांनी माईक घेतला. उगवतीला तलाव, मावळतीला बांध्या, सगळं मामाच्याच क्रमानं. मग म्हणाले, ‘‘हा तलाव… याची माती आमच्या आज्यायनं वाह्यली.’’ आणि थांबले. ते तसेच उभे, पुढच्या रांगेकडे बघत. मला वाटलं, आता यांना काही बोलवणार नाही.

‘‘अन् माती कोठी टाकाची, थे कोन सांगे, सुखदेवभाऊ?’’

आवाज मामीचा होता. उभ्या जन्मात ती मंडईत चार माणसांपुढे बोलली नव्हती. मांडव हसला, आणि हसता हसता बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

सुखदेवमामांनी माईक तोंडापासून दूर धरला. थोड्या वेळानं परत जवळ आणला.

‘‘तुमचेच आजे सांगत, वैनी,’’ ते म्हणाले. ‘‘तुमचेच.’’ आणि ढोलकीवाल्याला हात केला.