आठव्या तासाची मैत्रीण

शाळेत त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. मुले, शिक्षक, शिपाई, इतकेच काय, पालकसुद्धा त्यांना तक्तासर म्हणत. कारण गेली सव्वीस वर्षे शाळेचे वेळापत्रक ते एकहाती करीत आले होते. बावीस वर्ग, एकतीस शिक्षक आणि रोजचे आठ तास यांची मोट ते एका चौकटीच्या कागदावर अशी बांधत, की सत्राच्या पहिल्या दिवशी भिंतीवर लागलेला तक्ता सत्र संपेपर्यंत तसूभर हलत नसे. तक्तासरांनी आखले म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असा लौकिक होता. या लौकिकाचा सरांना अभिमान नव्हता असे म्हणणे म्हणजे त्यांच्या तोंडावर खोटे बोलणे होय.

तेव्हा परक्या शहरात भरलेले शिक्षकांचे अभ्यासवर्ग एक दिवस आधीच आटोपले, परतीची गाडी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळचीच राहिली, आणि या दोहोंच्या मध्ये एक अख्खा दिवस मोकळा पडला, तेव्हा सरांनी काय केले असेल हे सांगायला ज्योतिषी नको. उतरलेल्या खोलीतल्या डगमगत्या टेबलावर त्यांनी पट्टी ठेवली आणि दिवस आखला. पंचेचाळीस मिनिटांचा एक, असे आठ तास. पहिला तास वस्तुसंग्रहालय, दहा ते पावणेअकरा. दुसरा तास बाग, पावणेअकरा ते साडेअकरा. चौथा तास, म्हणजे मधल्या सुट्टीआधीचा, जेव्हा बुद्धी सर्वांत तल्लख असते असे त्यांचे ठाम मत होते, तो त्यांनी वेधशाळेला दिला. त्या वेधशाळेत दगडी छायायंत्र होते. सावली पाहून मिनिटापर्यंत वेळ सांगणाऱ्या त्या यंत्राविषयी सर विद्यार्थीदशेपासून वाचत आले होते.

आठवा तास, चार ते पावणेपाच, बाईंच्या मैत्रिणीला.

बाई म्हणजे सरांच्या पत्नी. त्याच शाळेत त्या बावीस वर्षे शिवण शिकवीत होत्या. गेल्या वर्षीच त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. या शहरात त्यांची शाळेपासूनची मैत्रीण राहत होती. इस्पितळात परिचारिका, संध्याकाळी सहाला तिची पाळी सुरू होई, म्हणून सव्वापाचला घर सोडावे लागे. दोघींची भेट होऊन एकोणीस वर्षे उलटली होती. सर सोबत चल म्हणाले तेव्हा बाई काही वस्तुसंग्रहालयासाठी तयार झाल्या नव्हत्या.

"आठवाच का?" तक्ता पाहून त्यांनी एवढेच विचारले.

"शेवटी निवांतपणा असतो गं," सर म्हणाले.

"हो, असतो ना. बावीस वर्षं बघितलाय मी तो निवांतपणा."

सर पट्टी पुसत होते. टोमणा त्यांच्या डोक्यावरून गेला.

आता शाळेच्या तक्त्यात एक गोम असते, ती शाळेबाहेरच्या माणसाच्या सहसा ध्यानात येत नाही, आणि शाळेतल्या माणसाच्या तर मुळीच नाही. तिथे पहिला तास ज्या क्षणी संपतो त्याच क्षणी दुसरा सुरू होतो. इतिहास संपून भूगोल लागायला घंटेच्या ठोक्याएवढा वेळ पुरतो. कारण मुले जागची हलत नाहीत आणि मास्तरांना फार तर एक व्हरांडा ओलांडायचा असतो. सव्वीस वर्षे असे तक्ते केलेल्या माणसाने शहराचाही तसाच केला. वस्तुसंग्रहालय पावणेअकराला संपत होते आणि पावणेअकरालाच, तीन मैलांवर, बाग सुरू होत होती.

बस दहा मिनिटे आलीच नाही. आली ती प्रत्येक थांब्यावर जिवाभावाचे कोणी भेटल्यासारखी रेंगाळत गेली. बागेच्या फाटकाशी उतरून सरांनी मनगट पाहिले. साडेअकरा. दुसरा तास सुरू होण्याआधीच संपला होता.

"काय हो, घंटा झाली का?" बाईंनी विचारले.

"चेष्टा नको. कुठेतरी चुकलंय."

"कुठेतरी कशाला? तुमच्या तक्त्यात रस्तेच नाहीत. आपण काय उडत जाणार होतो?"

सर बाकावर बसले आणि कागदाच्या पाठीवर हिशेब मांडू लागले. दुसरा तास आत्ता सुरू केला आणि पुढे प्रत्येक दोन तासांमध्ये निदान अर्धा तास रस्त्यासाठी धरला, तर आठवा तास कितीला लागतो? त्यांनी दोनदा पडताळून पाहिले. दोन्ही वेळा उत्तर एकच आले: पावणेआठ. मैत्रीण सव्वापाचला घर सोडणार.

अशा पेचप्रसंगी शाळेत काय करायचे ते सरांना तोंडपाठ होते. हातही आपोआप तिकडेच वळला.

"आठवा तास जर..." ते घसा साफ करीत म्हणाले, "म्हणजे, तिच्याशी फोनवर बोललीस तर? सविस्तर बोल. पंचेचाळीस मिनिटं बोल हवं तर."

बाई चप्पल काढून टाच चोळत होत्या. त्यांनी वर पाहिले नाही.

"घ्या ना," त्या म्हणाल्या. "शिवणाचाच तास तो. वेधशाळा कितीला बंद होते?"

"आज दोनला."

"मग उठा. उगाच तीही हुकायची."

बाईंनी आदळआपट केली असती तर सरांना सोपे गेले असते. भांडणात ते मिठाची गुळणी धरून बसत आणि वादळ ओसरण्याची वाट पाहत. पण हा स्वर त्यांच्या फार ओळखीचा होता. "बाई, गणिताचा भाग राहिलाय, आजचा आठवा तास देता का?" असे म्हणत कोणी ना कोणी शिवणाच्या वर्गाशी येई, आणि बाई याच स्वरात "घ्या ना" म्हणून मुलींचे अर्धवट टाके गुंडाळायला लावीत. विज्ञानाने तो तास घेतला, कवायतीने घेतला. एकदा पाहुणे यायचे म्हणून खुर्च्या पुसायलाही घेतला. शिक्षकांच्या खोलीत सर कौतुकाने सांगत, "आमच्या बाई फार समंजस." त्या समंजसपणामुळे आपले काम किती सोपे झाले होते, हे त्यांना बागेतल्या बाकावर, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, प्रथमच जाणवले, आणि जाणवले ते चांगलेच बोचले.

वेधशाळा शहराच्या उत्तरेला होती, मैत्रीण दक्षिणेला. वेधशाळा पाहून, बस बदलत तिच्या दारी पोचेपर्यंत तिची निघायची वेळ व्हायची; एक वाचली की दुसरी गेली. पुन्हा हिशेब करण्यासारखे काही उरले नव्हते, तरी सरांनी कागदाकडे बराच वेळ पाहिले. मग पेन काढून चौथ्या तासाच्या चौकटीवर आडवी रेघ मारली.

"तिसऱ्या तासाला मैत्रीण," ते म्हणाले.

"आणि चौथ्याला?"

"मैत्रीण."

"पाचव्याला?"

"अगं, आठव्यापर्यंत तीच. ऊठ, बस चुकेल."

बाईंनी त्यांच्याकडे संशयाने पाहिले. "ऊन लागलंय का तुम्हाला?"

मैत्रीण तिसऱ्या मजल्यावर राहत होती. दार उघडले, आणि सरांना वाटले होते तशी गळाभेट वगैरे काही झाली नाही.

"गोट्ये! चारला येणार होतीस ना? माझे केस ओले आहेत अजून!"

"मग मी काय केसांना भेटायला आलेय?"

गोटी! सर जिन्यातच थबकले. एकतीस वर्षांच्या संसारात हे नाव त्यांच्या कानावर आले नव्हते. लहानपणी गल्लीतल्या पोरांच्या सगळ्या गोट्या जिंकून त्यांना हात हलवीत घरी पाठवणारी मुलगी आपल्या घरात राहते, हा शोध त्यांना मैत्रिणीच्या तोंडून दुपारी एक वाजता लागला.

"हेच का ते?" मैत्रिणीने सरांना आपादमस्तक न्याहाळले. "तुझे तास वाटून टाकणारे?"

"हेच. पण आज जरा बरे आहेत."

त्यानंतरचे चार तास सरांना कोणत्याच चौकटीत बसवता आले नाहीत. दोघी एकाच वेळी बोलत, आणि तरीही एकमेकींचे ऐकत; एक गोष्ट अर्धी टाकून दुसरी धरत, तिसरीवर हसत, आणि पहिलीकडे मुळीच परतत नसत. सरांना कोणी काही विचारले नाही. एकदा फक्त "जरा त्या वाटाण्याच्या शेंगा सोला" असा हुकूम सुटला, तो त्यांनी मनोभावे पाळला.

सव्वापाचला तिघेही इस्पितळाकडे चालत निघाले. रस्ता वीस मिनिटांचा. दोघींनी तो अर्ध्या तासावर नेऊन ठेवला. दर दहा पावलांवर थांबून हातवारे केल्याशिवाय त्यांचे मुद्दे पुढे सरकत नव्हते. सर चार पावले मागे, मैत्रिणीचा डबा हातात घेऊन.

फाटकाशी निरोप झाला. मैत्रीण आत गेली, पाच पायऱ्या चढली आणि परत आली. धाकट्या बहिणीच्या लग्नाची खरी हकिकत सांगायची राहून गेली होती. बाईंनी तिचा हात धरला. हकिकत लांब होती.

रखवालदार खोलीतून बाहेर आला. "सिस्टर, सहा वाजले बरं का."

सरांनी आपले घड्याळ पाहिले. ते त्यांनी सकाळीच रेडिओशी जुळवून घेतले होते. सहा वाजून एक मिनिट झाले होते.

"तुमचं घड्याळ पुढे आहे," तक्तासर वर्गातल्या आवाजात म्हणाले. "अजून पाच मिनिटं आहेत."