राजीखुशीने

परभणीत कचेरीबाहेर टेबल टाकून मी एकवीस वर्षं दस्त लिहितोय. हक्कसोडपत्रं किती लिहिली, गणती नाही. आमच्याकडे बाप गेला की भाऊ बहिणींना बोलावून आणतात, वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याची सही घेतात आणि साडीचोळी करून परत पाठवतात. दस्तात वाक्य ठरलेलं असतं: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाशिवाय. ते मी माझ्या अक्काच्या नावापुढेही लिहिलं.

अक्का आम्हा दोघा भावांहून थोरली. आमच्या पेडगावहून चुडाव्याला दिलेली. सही करायच्या वेळी तिनं पेन खाली ठेवलं. "मला जरा इचार करू द्या रे."

दादा म्हणाला, "कर की. पण आज अशीच उठलीस तर पेडगावची वाट इसर."

ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली बाई ती. मी पेन उचललं आणि तिच्या हातात दिलं.

पुढे भावजी गेले, सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. हक्काची जागा म्हणून तिच्याकडे काहीच नव्हतं. तिनं दस्त रद्द व्हावा म्हणून आम्हा भावांवर दावा लावला.

आमच्या वकिलाचं म्हणणं होतं, थोरली बहीण धाकट्यांच्या दबावाखाली येईलच कशी? पण कायद्यात 'अनुचित प्रभाव' म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेवर आपली हुकमत चालेल असं नातं असणं, आणि त्याच्या जोरावर गैरफायदा उपटणं. कोर्टं नुसतं वय बघत नाहीत, कोणाचं कोणावाचून अडतं तेही बघतात. तिचं माहेर आमच्या हातात होतं. हा अर्थ मला पाठ होता. चहा पिता पिता मी तो गिऱ्हाइकांना समजावून सांगायचो.

साक्षीला उभा राहिलो. तिच्या वकिलानं विचारलं, "सही राजीखुशीनं झाली का?"

"नाही," मी म्हणालो, आणि त्या दिवशीचं सगळं सांगितलं. पेन कोणी दिलं तेही.

बाहेर येताच दादानं गाठलं. "फितूर! बापाच्या जिवावर साडेतीन एकर खाल्लीस अन् आता साधू व्हायलास? माझ्या बांधावर पाय ठेव, तंगडं मोडतो."

अक्का लिंबाखाली उभी होती. मला वाटलं, ती आज तरी माझ्याशी बोलेल.

बोलली. "लय उपकार केलास. पर तुज्या वाट्यातलं मला द्यायला कोर्ट कशाला लागतंय रे? रोज लोकाचे कागद तूच लिव्हायलास न्हाई का? मंग माजा उद्या लिव्ह."

बक्षीसपत्र लिहायला मला अर्धा तास पुरतो. मी खाली बघत म्हणालो, "निकाल तर लागू दे, अक्का."

ती माझ्या पायापाशी थुंकली आणि रिक्षात जाऊन बसली.

निकाल अजून लागलेला नाही. साडेतीन एकर अजून माझ्याच नावावर आहे.