सगळे अंजलीकडेच

पंच्याण्णव साली उजनी धरणाच्या काठावर, पळसदेवच्या अलीकडच्या एका गावच्या सरकारी दवाखान्यात आम्ही दोघी नर्स होतो. मी स्वरूपा, नोकरीत चार वर्षांनी मोठी, दुसरी अंजली. मी टेबलाशी रिकामी बसलेली असले तरी बायका दारातून विचारायच्या, "अंजलीबाई हायत का?" ती लस टोचायला वस्तीवर गेली असली, तर चिंचेखाली तासभर थांबायच्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. बोलायला जेमतेम, दिसायला बेताची, आणि सगळे तिच्याकडेच.

हिंदुरावही तिच्याकडेच आला. पलीकडच्या वस्तीवरची पंधरा-वीस पोरं तो रोज होडीतून शाळेला आणायचा. खोटं कशाला बोलू, मी पडद्यामागे कान लावून उभी राहिले. त्याला फिट यायला लागली होती. थोरलीची सोयरीक ठरत आली होती, म्हणून बाहेर कुठं तो बोलला नव्हता.

अंजलीनं बारामतीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली. म्हणाली, "तुमचा आजार माझ्यापाशीच राहील. पर होडीत लेकरं असत्यात. उद्यापासनं वल्ह्याला हात लावलात, तर मी सरपंचांकडं जाईन. कारण सांगणार न्हाय, होडी काढून घ्या एवढंच सांगीन."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव होडी घेऊन आलाच. अंजली तडक सरपंच सर्जेरावांकडे गेली आणि दुपारी वल्ह्यावर दुसरा माणूस बसला. सर्जेरावांनी कारण खोदून खोदून विचारलं. तिनं ते सांगितलं नाही.

मग ते माझ्याकडे आले. माझ्याकडे! मी स्वतः चहा टाकला. "तुमी मोठ्या बाई, तुमाला म्हाईत असंलच," ते म्हणाले. तेवढ्यानंच मी हुरळले आणि सगळं सांगून मोकळी झाले. होडी तर आधीच थांबली होती. सांगायची काहीएक गरज नव्हती.

आमच्याकडे सोयरीक करताना पाहुणे गावात चार ठिकाणी चौकशी करतात, सरपंचांकडे तर आधी. पंधरा दिवसांत नकार आला. हिंदुराव अंजलीकडे गेला होता, म्हणजे बोभाटाही तिनंच केला, असं गावानं धरलं. त्याची बायको कुशाबाई दवाखान्यात येऊन सगळ्यांदेखत तिला नाही नाही ते बोलली. अंजलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सर्जेरावांनी तिला माझं नाव आधीच सांगितलं होतं.

त्यानंतर बायका माझ्या टेबलाशी येऊ लागल्या. हवं होतं ते मिळालं, तरी घास गोड लागेना. शेवटी एकदा मीच तिला विचारलं, माझं नाव का घेतलं नाहीस?

सिरिंजा उकळत ठेवता ठेवता ती म्हणाली, "माझ्याकडं येणं बायांनी सोडलंच हाय, ताई. तुमचं नाव घेतलं, तर त्या दुखणं घेऊन जातील कुणाकडं?"

मला तेव्हाही तिचा हेवाच वाटला.