शेठ आले अन् मुडदा उभा राहिला

मंडळी, आत्ताच शूटिंगवरून घरी आलो. जेवण गेलं नाही, म्हणून इथं लिहून राह्यलो.

आम्ही यवतमाळचे नाटकवाले एक सिनेमा करून राह्यलो. बंगल्यात पाहुणे जमतात, घरच्या शेठचा खून होतो, अन् संशय पाहुण्यांपासून नोकरांपर्यंत सगळ्यांवर. त्यासाठी कळंबजवळ एका खऱ्या शेठचा बंगला मिळाला.

मेलेल्या शेठचं काम नामदेवकाकांना दिलं. आमच्यातला सगळ्यात कसलेला नट. ह्याच खऱ्या शेठच्या जिनिंगमध्ये त्यांनी जन्मभर कापसाच्या गाठी उचलल्या.

आज काका रेशमी झब्बा घालून सोफ्यावर मरून पडले होते. कॅमेरा सुरू झाला, अन् तेवढ्यात खरे शेठ गंमत पाहायला आत आले. मुडदा ताडकन उठला अन् हात जोडून उभा राहिला.

सगळे पोट धरून हसले. मी म्हणलं, "काका, तुम्ही त मेले आहात न!"

"मेलो त हावच बापू. पन शेठ आले न!"

मग शेठला बाहेर व्हरांड्यात बसवलं. तिथून ते नुसते खाकरले. काकांचे डोळे मिटलेले होते, तरी ते पुन्हा उभे. ह्या वेळी कोणी हसलं नाही. शेठ जेवायला निघून गेले, तेव्हाच काकांना नीट मरता आलं.

आमच्या सिनेमात शेवटी कळतं, की खून सगळ्या नोकरांनी मिळून केला. ती गोष्ट मीच लिहिली आहे. खरं सांगा, कोणाला पटेल का हो?