सगळ्यांत शेवटी बोलणारे राणोजीमामा

आमच्या वाटूर भागात विहिरी खोदणाऱ्या टोळ्या बऱ्याच होत्या, पण सुरुंगाचे बार झाल्यावर टोळीतल्या सर्वांत नव्या माणसाला आधी विचारणारा मुकादम मी एकच पाहिला, राणोजीमामा. खडकात सुरुंगाची दारू ठासायची, वाती पेटवायच्या, लांब पळून आडोशाला बसायचं आणि बार मोजायचे. जितके सुरुंग भरले तितके बार झाले, तरच माणूस विहिरीत उतरायचा. ही मोजणी मामा एकेकाला विचारत आणि स्वतःचा आकडा शेवटी सांगत.

मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिलाच. उन्हाळ्याच्या सुटीत घरी बसवेना, म्हणून टोळीत गेलो. मामांनी माझं नावच 'कॉलेज' ठेवलं.

पहिल्या आठवड्यात दगडांचं टोपलं दोराने वर येत असताना मी "सावकाश" असं ओरडलो. दोर ओढणारे दोघे माझ्याकडे बघू लागले आणि टोपलं हेलकावलं. खाली विहिरीत टोळीतले किसनभाऊ होते, ते कडेला चिकटले म्हणून वाचले. मामा शांतपणे म्हणाले, "दोरापाशी एकच माणूस बोलतो, कॉलेज. तो तू न्हाईस." मला इतकी लाज वाटली की मी बोलणंच सोडलं.

दोन दिवसांनी सात सुरुंग भरले. आम्ही लिंबाच्या झाडामागे बसलो. मी अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होतो. सहा बार झाले आणि पुढे काही ऐकू येईना. पण बाकीचे उठून धूळ झटकत होते. विहिरीचा मालक बांधावरून म्हणत होता, "जल्दी करा, ऊन चढून राह्यलं." उतरायची पाळी किसनभाऊंची होती.

"कॉलेज, किती?" मामांनी विचारलं.

"सात," मी म्हणालो.

मग सगळेच म्हणाले, सात. किसनभाऊ निघाले. मामांनी त्यांचं मनगट धरलं आणि माझ्या हाताकडे बघितलं. "तोंड सात म्हणून राह्यलं. मंग अंगठा सहाव्या पेरावर काहून?"

मी मूठ मिटली. "मला सहाच ऐकू आले, मामा. पण सगळे उठले, म्हणून वाटलं..."

"लोक उठलेले मलाबी दिसले. तुझ्या कानाला काय कळलं?"

"सहा."

किसनभाऊ हसले. "दोन बार संगंच उडाले असतील, मामा. ह्याचं पुस्तकातलं गणित."

"असतील. बस खाली," मामांनी त्यांना सांगितलं.

मालक कुरकुरला. मामांनी तिकडे लक्षच दिलं नाही. माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा झाला, असं वाटून मी मान खाली घालून बसलो. किसनभाऊंची बिडी अर्धी झाली असेल, तेवढ्यात विहिरीत सातवा बार झाला.

किसनभाऊंची बिडी विझली होती, ती त्यांनी पुन्हा पेटवली. मग म्हणाले, "कॉलेज, पुढच्या बारीला जरा लवकर खरं बोलत जा. घरी बायकोचे दिवस भरत आलेत." आधी मामा हसले, मग आम्ही सगळे.

संध्याकाळी परतताना मी विचारलं, "मामा, तुम्हाला किती ऐकू आले?"

"चार का पाच. हल्ली दोन बार मला एकच वाटतेत, कान गेले माझे. टोळीला ठाऊक हाय, मीच सांगितलंय. तुला सांगायचं राह्यलं, ती चूक माझी. तुझा अंगठा दिसला नसता, तर मीबी बिलकुल सातच म्हणलो असतो."

ज्या माणसाचं ऐकून आम्ही विहिरीत उतरत होतो, त्याने आपलं उणं इतक्या सहज सांगितलं. मला एकाएकी मोकळं वाटलं.

आता मी औरंगाबादेच्या कॉलेजात परत आलो आहे. वर्गात सर विचारतात, "समजलं?" सगळे हो म्हणतात. समजलं नसेल तर मी उभा राहतो आणि तसं सांगतो. आवाज अजून कापतो. पण मी खाली बसेपर्यंत मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच म्हणतो, "बरं झालं, मलाही नव्हतं समजलं."