धुवून गेलेली आंब

चाळिसाव्या लिंगावर पाणी घालून रत्नम्मा उठली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. हे लिंग एका पत्र्याच्या दुकानामागच्या बोळात आहे. दोन बायका एका वेळी आत जाऊ शकत नाहीत, म्हणून दानेश्वरी बाहेर बेलाची पिशवी धरून उभी होती. अजून अठ्ठावीस लिंगं राहिली होती. श्रावणातल्या सोमवारी शहरभर विखुरलेल्या अडुसष्ट लिंगांची वाट पायी करायची, तीही अनवाणी, हा रत्नम्माचा लग्नानंतरचा नेम. एरवी तिच्याबरोबर तिचा नवरा सिद्धप्पा असायचा. तो पुढे चालायचा आणि प्रत्येक लिंगापाशी वळून म्हणायचा, "ये की लवकर, म्हादेव काय पळून जात न्हाय, पण सावली जाईल." या वर्षी सिद्धप्पा नव्हता. म्हणून शेजारची दानेश्वरी आली होती.

दानेश्वरी तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. कुंभारीच्या घरकुल वसाहतीत दोघींच्या घरांची भिंत एकच. ती बचत गटात बायकांना भाज्या वाळवायला, साठवायला शिकवायची आणि मठाच्या मासिकात पाककृती लिहायची. तिनं सकाळपासून दोनदा विचारलं होतं, अक्का, आज एवढ्या गप्प का. रत्नम्मानं उपासाचं निमित्त सांगितलं होतं. आठ दिवसांपासून एक गोष्ट ती मनात घेऊन फिरत होती. ती सांगायची तर या बाईलाच सांगायची होती, आणि या बाईलाच सांगणं सगळ्यांत अवघड होतं.

सिद्धप्पा शाळेच्या गणवेशांच्या कारखान्यात कटिंग मास्तर होता. शंभर कापडांची थप्पी एका दमात कापायचा. काम चालू असताना गालात तंबाखू, काम संपलं तरी गालात तंबाखू. रत्नम्मा घरी बसून त्याच कारखान्याच्या शर्टांना काजं-बटणं करायची. एकुलता मुलगा नंदीश शिकला, पुण्याला कंपनीत लागला. मागच्या दिवाळीआधी सिद्धप्पाच्या गालाची जखम भरेना म्हणून दाखवलं, तर कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग पस्तीस वेळा किरणांचा शेक दिला. शेक संपला तेव्हा त्याच्या तोंडाला कशाचीच चव राहिली नव्हती. भात, दूध, डाळ, सगळं त्याला ओल्या कापडासारखं लागायचं. चव हळूहळू परत येते, धीर धरा, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर वजन उतरू द्यायचं नाही, नाहीतर नळी घालावी लागेल, असंही म्हणाले होते.

पौषात रत्नम्माचा भाऊ मैंदर्गीहून हरभऱ्याचे कोवळे शेंडे घेऊन आला. सकाळीच खुडलेले, आंबेनं चिकट झालेले. हरभऱ्याच्या पाल्यावर दंवाबरोबर आंबटसा घाम येतो, तीच आंब. रत्नम्मानं ते न धुताच त्याचं पातळ गरगट्टं केलं, लसूण घातला, मिरची घातली नाही, भाकरी कुस्करून भरवलं. पहिला घास सिद्धप्पानं तोंडात धरून ठेवला. मग डोळे मिटून म्हणाला, "लागतंय की गं."

तिला आधी कळलंच नाही काय ते. तो पुन्हा म्हणाला, "आंबट लागतंय. कडली पल्ले हाय, व्हय?" हरभऱ्याच्या भाजीचं हे त्याच्या घरचं कानडी नाव.

त्या दिवशी तो ताटलीभर जेवला. लहानपणी पहाटे हरभऱ्यावर धोतर पसरून आंब कशी गोळा करायचो, पोट दुखलं की आजी ते धोतर पिळून कसं पाजायची, हे सगळं त्यानं सांगितलं. बोलताना गाल ओढत होता तरी सांगितलं. तेव्हा रत्नम्मानं ठरवलं, की ही भाजी आता वर्षभर घरात असली पाहिजे. हरभरा महिन्या-दोन महिन्यांत घाट्यांवर येणार, मग पाला निबर. वाळवून ठेवणं तिला माहीत होतं. तिच्या आईनं आयुष्यभर जुन्या लुगड्यावर, सावलीत, पाला वाळवला होता. पण वाळला पाला कितीही शिजवला तरी त्याचे कण घशाला टोचतात. सिद्धप्पाचं तोंड आतून सोललेलं. म्हणून ती दानेश्वरीकडे गेली.

दानेश्वरीनं मन लावून शिकवलं. भाजी तीन पाण्यांनी स्वच्छ धुवायची. उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच बर्फाच्या पाण्यात. घट्ट पिळायची. एका वेळेपुरता गोळा चपटा करून पिशवीत, हवा काढून, वर तारीख, आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात. मेथी, शेपू, पालक, सगळ्यांना हीच रीत, आणि भाजी सहा-आठ महिने हिरवीगार राहते. रत्नम्मानं विचारलं होतं, की हरभऱ्याची भाजी धुवायची का. आई कधी धूत नव्हती. दानेश्वरी म्हणाली, अक्का, पूर्वीची गोष्ट वेगळी, आता फवारण्या असतात, त्यात सिद्धप्पामामांना इन्फेक्शन झालं तर. इस्पितळातल्या आहाराच्या बाईंनीही न धुतलेलं काही द्यायचं नाही असं बजावलं होतंच. दोन शिकलेल्या बायका एकच सांगत होत्या. रत्नम्मानं मान डोलावली.

भाऊ माघात आणखी दोन पोती पाला देऊन गेला. शेंडे निवडता निवडता तिच्या बोटांना चिरा पडल्या होत्या. पहिल्या पाण्यात हात घातला तशी बोटं झोंबली. दुसऱ्या पाण्यात कमी झोंबली. तिसऱ्या पाण्यात झोंबायची थांबली, आणि तिला बरं वाटलं, की भाजी आता निर्मळ झाली. ते पाणी तिनं दारातल्या कढीपत्त्याला घातलं. पिशव्या भरल्या. फ्रीजचा वरचा कप्पा हिरवा झाला. ती भाजी फक्त त्याच्यासाठी होती. तिनं स्वतः त्यातली एक चिमूट तोंडात घातली नाही.

फाल्गुन सरला, ताजा पाला संपला. चैत्रात तिनं पहिली पिशवी काढली. तेच गरगट्टं केलं, तोच लसूण. सिद्धप्पानं घास घेतला, चघळला, वाट बघितली. दुसरा घास घेतला. मग ताटली सरकवली.

"ही भाजी हाय व्हय? का कारखान्यातली चिंधी उकडून घातलीस?"

ती हसली. तिला वाटलं गंमत करतोय. त्यानं परत विचारलं, कुठली भाजी, बदलून तर आणली नाहीस. दोन तासांच्या कष्टानं ती दमली होती, डोळ्यांसमोर भावाची पोती होती, झोंबलेली बोटं होती. तिला राग आला. ती म्हणाली, "भाजी तीच हाय. जीभ तुमची ऱ्हायली न्हाय."

पुढचे चार दिवस ती रोज तीच भाजी करत राहिली, तो रोज एक घास घेऊन थांबत राहिला. पाचव्या दिवशी म्हणाला, "कशाला वाया घालवतीस. आली हुती, गेली. आता न्हाय येत." त्यानंतर तो कशाचीच वाट बघेना. दूध दिलं तर दोन घोट. डॉक्टरांनी नळीचं सांगितलं, तर मानेनं नाही म्हणाला. पुण्याहून नंदीश आला. आधी विनवण्या, मग पाया पडणं, मग भांडण. बाप भिंतीकडे तोंड करून पडलेला. जाताना नंदीश दारात मोठ्यानं म्हणाला, "तुम्हाला जगायचंच नाही. आमच्यासाठी दोन घास गिळवत नाहीत तुमच्याच्यानं."

ज्येष्ठात सिद्धप्पा गेला. मूठमाती देताना नंदीशच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. बाबांनी हट्टानं जीव दिला, असं तो पाहुण्यांत बोलला. नंतर त्यानं बापाचा फोटो पुण्याला नेला नाही. फोनवर रत्नम्मानं "तुझा बाबा" एवढं म्हटलं, की त्याला काम निघायचं.

पंचेचाळिसाव्या लिंगापाशी नळ होता. दोघी पायांवर पाणी घेऊन ओट्यावर टेकल्या. दानेश्वरीच्या टाचेला खडा लागून रक्त आलं होतं, ती विभूती लावत होती. तेव्हा रत्नम्मानं तोंड उघडलं.

आठ दिवसांपूर्वी घरात भाजी नव्हती. पावसात बाजाराला जायचा कंटाळा. म्हणून तिनं फ्रीजमधून हरभऱ्याच्या पाल्याची उरलेली एक पिशवी काढली. गरगट्टं केलं, भाकरीबरोबर घास घेतला. लसूण लागला, मीठ लागलं. आंबट काहीच लागलं नाही. तिला वाटलं मीठ कमी, अजून घातलं. मग दुसरी पिशवी काढली, नुसतीच उकडून खाल्ली. गवत. वरच्या फळीवर आईकडून आणलेल्या वाळल्या पाल्याचा डबा होता, दोन वर्षांचा जुना. त्यातली चिमूट जिभेवर ठेवली, तर जबड्याच्या कडेला पाणी सुटलं.

"त्याची जीभ धड हुती, दानव्वा," ती म्हणाली. "भाजीत आंब नव्हती. ती मी धुवून कढीपत्त्याला घातली. वर उकळून पिळून काढली. आनि त्याला सांगितलं, की जीभच मेली म्हणून. त्यानं माझं ऐकलं. जन्मभर माझं एक ऐकलं न्हाय, आनि हे ऐकलं."

दानेश्वरीनं विभूतीची पुडी मिटली. ती म्हणाली, "अक्का, धुवा म्हणून मीच सांगितलं होतं."

रत्नम्माला वाटलं होतं, की ही असं म्हणाली तर आपण म्हणू, जाऊ दे गं, तुला काय ठाऊक. तसं म्हणायची तिची तयारी होती. पण ते शब्द तोंडावर आले नाहीत.

"व्हय," ती म्हणाली. "तूच सांगितलंस."

मग दोघी उठल्या. पुढची लिंगं एकामागून एक झाली. एक लिंग गॅरेजच्या आवारात, एक वडाच्या पारावर, एक कुणाच्या तरी अंगणात, जिथं घरमालकिणीनं त्यांना पाणी विचारलं आणि दोघींनी नको म्हटलं. रत्नम्मा प्रत्येक ठिकाणी बेल वाहत होती, हात जोडत होती. देवाला काय मागायचं ते तिला सुचत नव्हतं. माफी मागावी तर ज्याची मागायची तो मातीत, आणि देवाचं तिनं काही बिघडवलं नव्हतं. मनात एकच येत होतं, की सिद्धप्पा रोज एक घास घेऊन थांबत होता. चार दिवस थांबला. हट्टी माणूस असा थांबत नाही. तो हे कुणाला सांगू शकला नाही, आणि पोरगा पुण्यात बापाला हट्टी म्हणत बसला आहे. उद्या त्याला पोरं होतील, त्यांनाही हेच सांगेल.

अडुसष्टावं लिंग झालं तेव्हा ऊन तिरपं झालं होतं. दानेश्वरी रिक्षा बघू का म्हणाली. रत्नम्मानं तिचा दंड धरला. सकाळपासून पहिल्यांदाच तिनं तिच्याकडे नीट बघितलं.

"नंद्या माझा फोन ठेवतो. तुझं लिहिलेलं वाचतो. मागं भाजीचं लिहिलं हुतंस, तेबी त्यानं वाचलं हुतं," ती म्हणाली. "त्याला लिही. बाप हट्टी नव्हता म्हणून लिही. बापाला आंबट लागत हुतं, तेच मी भाजीतनं काढून टाकलं. मी बापाला काय बोलले तेबी लिही. तू धुवायला सांगितलंस तेबी लिही, सोडू नको. माझ्याच्यानं सांगवत न्हाय. लिहिशील न्हवं?"